तीन आणि चारच्या मधला तारा

६ नोव्हेंबर

ही वही नातीने पाठवली. ती शिकायला लांब गेली आहे. फोनवर म्हणाली, "आजी, तू एक गोष्ट सांगायला घेतेस आणि चार गोष्टींना वळसा घालून येतेस, तोवर माझा तास सुरू होतो. लिहून ठेव, मी आले की वाचेन." वाचेन म्हणाली खरी, पण मी देणार नाही. खरं लिहायचं तर वही कुणाला द्यायची नसते, एवढं मला तिसरी इयत्ता शिकूनही कळतं.

तर खरं लिहिते. माझे दोन्ही डोळे नवे झाले. मोतीबिंदू काढले, एक सप्टेंबरात आणि एक ऑक्टोबरात. डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे तपासले त्याच दिवशी ह्यांचेही तपासले होते. म्हणाल्या, तुमचे तर जास्तच पिकलेत काका, आता थांबू नका. हे खुर्चीतून ताडकन उठले. "माझे डोळे ठणठणीत आहेत. करवतीचा एकेक दात मी बघून घासतो." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दुकान उघडलं की गिऱ्हाईक शोधावंच लागतं. तिचंही तेच." मला पटलं. आयुष्यभर ज्यांनी सुऱ्या, कात्र्या आणि करवतींना धार लावली त्यांचे डोळे बिघडतील कसे?

सून मात्र तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे. "आई, तुम्ही सांगा ना बाबांना. नंतर नंतर म्हणता दिसायचं बंद होईल." मी म्हटलं, अगं, दिसत नसतं तर ते बोलले नसते का?

असो. सांगायचं ते राहिलंच. संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि वर बघितलं, तर आकाशभर तारे! चादर हातात तशीच. मला इतकी वर्षं वाटत होतं, शहरात दिवे वाढले म्हणून तारे गेले. तारे कुठेही गेले नव्हते. मीच गेले होते.

आणखी एक. माझे डोळे आल्यापासून हे मला रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायला बसवतात. म्हणतात, तुझं वाचन सुधारायला हवं. शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचून घेतात. माझ्या शिक्षणाची किती ती काळजी! एवढ्या वर्षांनी सुचली, पण सुचली.

१० नोव्हेंबर

वाचनालयाच्या गच्चीवर दर शनिवारी तारे बघणारे जमतात. मी गेले. चालवणाऱ्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. सगळे त्यांना दुर्बीणबाई म्हणतात, आणि त्यांच्याकडे दुर्बीण नाही! म्हणतात, दुर्बीण घेतली की माणूस डोळे वापरायचं सोडतो.

परवा शनिवारी कळलं ते असं. जुन्या लोकांनी ताऱ्यांच्या सहा प्रती लावल्या. सगळ्यांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, कसेबसे दिसणारे ते सहाव्या प्रतीचे. म्हणजे आकडा जेवढा लहान, तेवढा तारा ठळक. मी विचारलं, मग सगळ्यांत ठळक कोण? तर म्हणे व्याध, त्याची प्रत शून्याच्याही खाली, उणे दीड. माझ्या शाळेत उणे मार्क मिळाले असते तर गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. इथे उणे मार्कवाला वर्गात पहिला!

शेजारी बसलेला टपालवाला हसून हसून खोकायला लागला. निवृत्त आहे तोही. सगळे निवृत्तच आहेत. तरणी माणसं खाली बघून चालतात, फोनमध्ये.

१७ नोव्हेंबर

गेला आठवडाभर एका हिशेबाने माझं डोकं उठवलं होतं. दुर्बीणबाई म्हणाल्या, पहिल्या प्रतीचा तारा सहाव्यापेक्षा शंभर पट तेजस्वी, आणि दर पायरीला साधारण अडीच पट. मी बोटांवर मोजलं. एक ते सहा म्हणजे पाच पायऱ्या. पाच वेळा अडीच, साडेबारा. शंभर कुठून आले? मला वाटलं बाई चुकल्या. मनातून जरा बरंही वाटलं.

सुनेला विचारलं. ती मालवाहतूक कंपनीत हिशेब बघते. "आई, बेरीज नाही करायची. अडीचची अडीचपट, तिची पुन्हा अडीचपट." तिने यंत्रावर दाबून दाखवलं. सव्वासहा झाले, मग पंधरा, मग एकोणचाळीस, आणि एकदम सत्त्याण्णव! वरच्या बारीक तुकड्यांसकट पुरे शंभर म्हणे.

भाजी चिरता चिरता माझ्या डोक्यात उजेड पडला. हे तर गल्लीतल्या बातमीसारखं! मी बातमी अडीच जणींना सांगते. दोघी पूर्ण आणि समोरची अर्धी, कारण ती नेहमी अर्धवटच ऐकते. त्या प्रत्येकी अडीच जणींना सांगतात. असं पाच वेळा झालं की शंभर घरांत बोभाटा. मी सुरी ठेवली आणि ओरडले, "अहो, कळलं मला!" हे म्हणाले, "काय सांडलं?"

शनिवारी हेच वर्गात सांगितलं. दुर्बीणबाई म्हणाल्या, आजी, इतकी वर्षं शिकवलं पण ही अर्धी बाई मला कधी सुचली नाही. टपालवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी घरी आले ती तरंगतच.

त्याआधी दुर्बीणबाईंनी वर्गाला खरं काम सांगितलं. मायावती नावाचा तारा आहे, ययाती नावाच्या ताऱ्यांच्या घोळक्यात. तो मधूनच फिका होतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. कारण ती एक नाहीच, दोघी आहेत. एक उजळ, एक मंद, एकमेकींभोवती फिरतात. मंद मैत्रीण पुढे आली की उजळ झाकली जाते. मी तांदूळ निवडत असते आणि हे नेमके दिव्यापुढे येऊन उभे राहतात, तसंच. दर तीन दिवसांना तीनेक तास कमी असताना हे घडतं, म्हणून कधी भर दुपारी, कधी पहाटे. सगळ्यांना सोयीची अशी चंद्र नसलेली संध्याकाळ आता थेट जानेवारीत येणार आहे. त्या दिवशी जिथे जिथे दोन माणसं बघणारी असतील, त्या घरांचे आकडे दुर्बीणबाई वेधशाळेला पाठवणार. दोघांनी स्वतंत्र बघायचं, स्वतंत्र लिहायचं. एका माणसाचे आकडे चालत नाहीत.

मी लगेच हात वर केला. आमच्या घरी आम्ही दोघं आहोतच की.

१९ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं. आधी चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, "तुला एवढी हौस आहे तर बघू."

नकाशा मिळाला आहे. मायावतीच्या आजूबाजूच्या ताऱ्यांना आकडे दिलेत, अठरा, एकवीस, एकोणतीस, चौतीस, अडतीस. तारा अठरा नंबरचा असेल तर फार ठळक, अडतीस असेल तर फिका. मायावती कुणापेक्षा ठळक आणि कुणापेक्षा फिकी ते बघायचं आणि मधला आकडा लिहायचा. कापड दुकानात दोन रंगांच्या मधला रंग शोधतात ना, तसं.

नकाशा पोस्टकार्डाएवढा. सून म्हणाली, द्या, ऑफिसात मोठा करून आणते.

२२ नोव्हेंबर

मोठा नकाशा छान आला. टेबलाएवढा कागद. आणि मोठा केल्यावर त्यात आधी न दिसलेले कितीतरी बारीक तारे निघाले! नवे डोळे आणि मोठा कागद, म्हटल्यावर दिसणारच. चौतीसच्या तर तीन आणि चारच्या बरोबर मध्ये एक इवलासा तारा आहे. एकवीसच्या दोन आणि एकच्या मध्येही आहे.

संध्याकाळी दोघं गच्चीवर बसलो. मी मायावती शोधली, चटकन सापडली. पण ते बारीक तारे काही केल्या दिसेनात. मी मान वाकडी करकरून दमले. ह्यांना म्हटलं, "अहो, त्या चौतीसच्या उजवीकडे एक बारीक तारा आहे बघा, नकाशात आहे."

हे वर बघत म्हणाले, "आहे की."

"दिसतो तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? तिथेच तर आहे. अगदी बारीक."

"मला का दिसत नाही मग?"

"तुझे डोळे नवे आहेत. रुळायला वेळ लागेल."

बघा! दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवून मी आंधळी, आणि हे जुन्या डोळ्यांनी सगळं बघतात. मला जरा रागच आला. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगावंसं वाटलं की तुमचं भिंग बदलून द्या.

२९ नोव्हेंबर

रोज बघतो. मी मोठ्याने विचारते, "मला बावीस वाटते. तुम्हाला?" हे म्हणतात, "बावीसच." कधी मी तेवीस म्हणते, हेही तेवीस. एवढा मेळ आमचा संसारात कधी बसला नव्हता.

आज दुर्बीणबाईंनी सगळ्यांचे कागद बघितले. आमचा बघून चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "आजी, तुमचे आणि काकांचे आकडे फारच जुळतात हो. माझ्या एकटीचा डावा डोळा उजव्याशी जुळत नाही."

मी मान ताठ करून म्हटलं, "एवढी वर्षं एका छपराखाली काढली आहेत."

त्यांनी आमचा कागद घडी करून वेगळा ठेवला. कौतुक वाटलं असणार.

२ डिसेंबर

ह्यांनी आज अंगठ्याला चिंधी बांधून आणली. म्हटलं, काय झालं? म्हणाले, कानस घसरली. आयुष्यात कधी घसरली नव्हती. मी हळद लावली आणि नीट पट्टी बांधली. म्हटलं, "वय झालं, दुकान थोडं कमी करा." तर म्हणाले, "गिऱ्हाईकंच कमी झालीत, मी काय करू?" सुतारमंडळी अलीकडे येईनाशी झालीत म्हणे. सगळे नव्या यंत्रांच्या नादी लागले असतील.

चहाही आज कपाबाहेर गेला. अंगठा दुखत होता त्यांचा.

सून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही." ही मुलगी हल्ली फार गप्प असते. ऑफिसात ताण असेल.

६ डिसेंबर

आज माझी अशी फजिती झाली की पुढची दहा वर्षं वाचनालयात तीच सांगतील.

मी दुर्बीणबाईंना म्हटलं, "तुमच्या नकाशातले बारीक तारे मला अजून दिसत नाहीत, पण आमच्या ह्यांना दिसतात." त्या म्हणाल्या, कोणते बारीक तारे? मी मोठा नकाशा उलगडला. तीन आणि चारच्या मधला तारा बोटाने दाखवला.

त्या वाकल्या. भिंग घेतलं. मग खाली बसल्या आणि हसायला लागल्या ते थांबेचनात. "आजी, हे दशांशचिन्हाचं टिंब आहे!"

तारा चौतीस नंबरचा नसतोच. तीन पूर्णांक चार असतो. पण ताऱ्यांच्या नकाशात ते टिंब मुद्दाम छापत नाहीत, का तर कुणाला ते ताराच वाटेल म्हणून! छापणाऱ्यांना आमचं घर माहीत असल्यासारखं. आमच्या सूनबाईंना ऑफिसात वाटलं असणार, छापखान्यात टिंबं राहून गेली. हिशेबाची माणूस ती. तिने प्रत्येक आकड्यात बारीक पेनाने एकेक टिंब दिलं असणार आणि मग नकाशा मोठा केला.

टपालवाला म्हणाला, "आजींनी आकाशात चार-पाच तारे नवे टाकले!" मी सगळ्यांत जास्त हसले. डोळ्यांतून पाणी आलं.

घरी चालत येताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी माझं हसू थांबलं. ते टिंब होतं. मग ह्यांना काय दिसलं?

७ डिसेंबर

कुणाला काही सांगितलं नाही. फजितीही नाही.

आज दुपारपासून ढग होते. संध्याकाळी एक तारा म्हणून नव्हता, सगळं आकाश राखेच्या रंगाचं. मी ह्यांना गच्चीवर नेलं. खुर्च्या मांडल्या. एकदा वाटलं, विचारूच नये.

विचारलं. "मायावती कशी आहे आज?"

हे थोडा वेळ वर तोंड करून बसले. मग म्हणाले, "तुला किती वाटते?"

"तुम्ही आधी सांगा."

"बावीस," म्हणाले. "कालच्यासारखीच. छान चमकतेय."

मी म्हटलं, "हो."

मग आम्ही तसेच बसून राहिलो. मी त्यांचा हात धरून जिना उतरले. म्हणाले, "आज लाडात आलीस?" मी म्हटलं, "माझे डोळे नवे आहेत ना, पायरी चुकते."

९ डिसेंबर

दोन दिवस मला पेपर नीट वाचता येत नव्हता. ओळी चुकायच्या. आज वाचता वाचता मी पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, "अहो, तो तारा नव्हता. टिंब होतं." सगळं सांगितलं. ढगांचंही.

मला वाटलं ओरडतील. ते नाही ओरडले. कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "किती दिवस झाले कळून?"

"दोन. तुम्हाला?"

"दोन वर्षं."

मी म्हटलं, "आणि मला वाटलं माझं वाचन सुधारायचंय!"

ते एकदम हसले. मीही. मग मी रडले, मग पुन्हा हसू आलं, अगदी गाढवासारखं झालं. सून दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, बाबांनी शपथ घातली होती.

मी विचारलं, "माझी दोन ऑपरेशनं झाली. मी तुमच्यासमोर बसले आहे. मग भीती कसली?"

म्हणाले, "तू कधी पातं हातात धरलं नाहीस. मी जन्मभर तेच केलं. पातं कसं असतं, कुठे घसरतं, बोथट झालं की कसं ओढतं, सगळं मला माहीत आहे. ते कुणी माझ्या डोळ्यात घालायचं म्हटलं की मला घामच फुटतो."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण हे धारेचे मालक.

मग मला सुचलं. म्हटलं, "तर मग पातं बघून या. धार पसंत नाही पडली तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

१२ डिसेंबर

गेलो. डॉक्टरीणबाई भल्या. ह्यांनी खुर्चीत बसायच्या आधी सांगितलं, "मला तुमचं हत्यार बघायचंय." त्या चकित झाल्या नाहीत. सांगितलं की आतला मोतीबिंदू बारीक कंपनांनी फोडून ओढून घेतात, पातं फक्त सुरुवातीला लागतं, एक चिमूटभर वाट करायला. आणि एक जुनं, टाकून द्यायचं पातं तबकात घेऊन आल्या.

ह्यांना ते दिसत नव्हतं. कसं दिसणार? त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला, बरोबर नेला होता, आणि पात्यावर नुसता ठेवला. कागद आपल्या वजनाने दुभंगला. आवाजसुद्धा आला नाही.

हे कागदाची कापलेली कड बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, "आणि हे तुम्ही टाकून देता?"

"एकदा वापरलं की टाकतो, काका."

"धार कोण लावतं?"

"कारखान्यात लागून येते."

"बरी लावतात," हे म्हणाले. आमच्या घरात 'बरी' म्हणजे काय ते मला विचारा. माझ्या स्वयंपाकाला जन्मात दोनदा 'बरा' मिळालाय.

उजव्या डोळ्याची तारीख घेतली.

१८ डिसेंबर

झालं. नीट झालं. हे बाहेर आले ते चिडलेले, म्हणाले, "संपलं? मी तर अजून वाट बघत होतो." सून वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. मुलगा ट्रक घेऊन लांब होता, त्याला फोन केला तर तिकडे तोही रडतोय. सगळं घरच रडकं निघालं.

जास्त लिहीत नाही. औषधाचे थेंब घालायची वेळ झाली.

२८ डिसेंबर

आज पहिल्यांदा दुकान उघडलं. डॉक्टरीणबाईंनी चाकापाशी बसायला अजून मनाई केली आहे, ठिणग्या उडतात. नुसतं बघून येतो म्हणाले. मी बरोबर गेले.

कोपऱ्यात न नेलेल्या करवती टांगल्या होत्या. एक खाली घेतली, दारात उजेडात धरली, आणि चेहरा उतरला. "हे मी केलंय?" मलासुद्धा दिसत होतं. एक दात उंच, एक बसका, जणू पडक्या दातांचं तोंड. दुसरी बघितली. तिसरी. मग स्टुलावर बसले.

तेवढ्यात समोरचा सुतार आला. ह्यांना तसं बसलेलं बघून थबकला. हे म्हणाले, "खरं सांग. माझी धार केव्हापासून बिघडली?"

सुतार मान खाजवायला लागला. "काका, जाऊ द्या ना."

"सांग."

"झाली दोनेक वर्षं. आम्ही तुमच्याकडून न्यायचो आणि पुढच्या चौकातल्या माणसाकडून पुन्हा लावून घ्यायचो."

"त्या ठोंब्याकडून?"

"मग काय करणार? तुम्हाला तोंडावर सांगायची कुणाची छाती?"

मला वाटलं, आता हे खचणार. पण हे उठले. म्हणाले, "सगळ्यांना सांग, ज्याच्या ज्याच्याकडे माझ्या हातची वाईट करवत असेल त्याने आणून टाकावी. चाकावर बसायची परवानगी मिळाली की पुन्हा घासून देतो, फुकट. आणि त्या चौकातल्याने काय खराबी केलीय तीही दुरुस्त करतो."

सुतार हसतच गेला. संध्याकाळपर्यंत दुकानात करवतींचा ढीग! लोक लाजत लाजत आणत होते. हे प्रत्येक उजेडात धरून स्वतःलाच शिव्या देत होते, आणि इतके खूष दिसत होते की काय सांगू.

३ जानेवारी

वाचनालयात आज ह्यांना पहिल्यांदा घेऊन गेले. टपालवाल्याने विचारलं, "काका, टिंब दिसतंय का?" हे म्हणाले, "टिंब नाही दिसत. तुमचं टक्कल मात्र पहिल्या प्रतीचं आहे." झालं, जमले लगेच.

मी मात्र दुर्बीणबाईंपुढे गेले आणि आमचे जुने सगळे आकडे फाडून टाका म्हटलं. त्या म्हणाल्या, कधीच बाजूला ठेवलेत आजी. फक्त म्हणाल्या, यावेळी एकमेकांकडे पाठ करून बसा.

दहा तारखेची संध्याकाळ ठरली. ढग आले तर संपलं. मग कित्येक आठवडे थांबावं लागेल.

१० जानेवारी

आत्ताच खाली आलो. हात गारठलेत तरी लिहिते, उद्यावर टाकलं तर निम्मं उडून जाईल.

आकाश स्वच्छ! अंधार पडल्यावर मायावती बरोबर एकवीस नंबरवालीसारखी होती, दोघी जुळ्या बहिणी. सुनेने दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या आणि मधे उभी राहिली, परीक्षेला पर्यवेक्षक असतो तशी. बोलायचं नाही. तिच्या कानात आकडा सांगायचा, ती लिहिणार.

पहिला तास काही होईना. मला वाटलं, तारीखच चुकली. मग हळूच, अगदी हळूच, ती जुळी बहीण मागे पडायला लागली. डोळ्यांदेखत! कुणी दिव्याची वात खाली ओढावी तशी. इतकी वर्षं ही वर चालली होती आणि मी खाली कपडे काढत होते. मी सुनेला सांगितलं, पंचवीस. थोड्या वेळाने एकोणतीस, कारण शेजारच्या एकोणतीसवाल्यापेक्षा वेगळी ओळखू येईना. आणि मग त्याच्याही खाली.

सून दोन्हीकडे कान देत होती, आणि तिचा चेहरा गमतीदार होत चालला होता. शेवटी तिला राहवेना. "आई, आताचा तुमचा आकडा बत्तीस. बाबांचा तीस."

मी सर्रकन वळले. "तीस? अहो, तीस कुठून? डोळे आहेत का... बत्तीस आहे ती!"

"तीस आहे," हे म्हणाले.

"चौतीसच्या अगदी जवळ गेलीय!"

"जवळ गेलीय पण पोचली नाही. तू नेहमीच घाई करतेस. भातही अर्धा कच्चा उतरवतेस."

"माझा भात? जन्मभर माझा भात खाऊन हे अंग झालं ना?"

"तीस."

"बत्तीस!"

"एकतीस लिहू का?" सून म्हणाली.

"नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. पलीकडच्या गच्चीवरच्या बाई कठड्यापाशी आल्या, काय झालं म्हणून. मी त्यांना सांगितलं, "काही नाही हो, आमच्या ह्यांचं माझं जुळत नाहीये!" आणि मलाच माझ्या आवाजातला आनंद ऐकू आला.

सुनेने तिथूनच दुर्बीणबाईंना फोन लावला. त्यांनी दोन्ही आकडे ऐकले आणि फोनमधून बाहेर येईल एवढ्याने म्हणाल्या, "दोन्ही पाठवते! असेच हवेत! आता कुठे तुमच्या घरात दोन माणसं आहेत!"

हे ऐकत नव्हते. खुर्ची सोडून गच्चीच्या मधोमध उभे होते, मान मागे टाकून. एक डोळा हाताने झाकायचे, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मी जवळ गेले. म्हटलं, काय चाललंय?

"या डोळ्याने बघितलं की आहे," म्हणाले. हात बदलला. "या डोळ्याने बघितलं की काहीच नाही. नुसतं धुकं." पुन्हा हात बदलला. "आहे. ती आहे, तिच्या खालचा अडतीसवाला आहे, पलीकडे आणखी एक आहे, त्याला तर नकाशात आकडासुद्धा नाही." मी वर बघितलं. होता खरंच. सहाव्या प्रतीच्या आसपासचा, किंचित, आहे की नाही असा. मला बघायला वेळ लागला. त्यांना आधी दिसला.

हात डाव्या डोळ्यावर तसाच ठेवून, वर बघतच म्हणाले, "अगं, या दुसऱ्याची तारीख कधीची मिळेल? सकाळी पहिला फोन तिथे लाव."